चालत्या चित्राची लय

पडद्यावर चित्र चालते असे आपण म्हणतो. वस्तुतः पडद्यावर काहीच चालत नाही. तेथे स्थिर चित्रे एकामागून एक येतात आणि जातात, व चालण्याचे काम पाहणाऱ्याचे मन करते. एवढे शाळेतील पोरालाही ठाऊक असते. परंतु ती चित्रे किती यावीत आणि कोणत्या लयीने यावीत, हा प्रश्न गेली सव्वाशेहून अधिक वर्षे कारागिरांस व यंत्रज्ञांस छळीत आला आहे. आम्ही साहित्याचे अध्यापक. यंत्रशास्त्रात आमचा अधिकार नाही. तरी हा विषय हाती घेण्यास कारण आमच्या घरातच घडले, ते आधी सांगणे प्राप्त आहे.

पनवेलीस जुन्या गावात आमचे घर आहे. बहिणीचा मुलगा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. गेल्या दिवाळीत त्याने आपल्या संगणकासाठी एक नवे ग्राफिक्स कार्ड घेतले. निम्मे पैसे त्याने शिकवण्या करून साठविले होते, निम्मे आम्ही दिले. आणि देताना खेळासाठी एवढा खर्च करण्याविषयी जे बोलायचे ते यथास्थित बोलूनही घेतले. कार्ड बसले. मोठ्या शहरातून मोटार हाकण्याचा एक खेळ त्यावर सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा लुकलुकत असे. सेकंदाला किती चित्रे तयार होत आहेत ते तो सांगतो. जुन्या कार्डावर तो चाळिशीच्या आसपास असे, आता सत्तरीच्या वर गेला. आम्हांस वाटले, पैसे सत्कारणी लागले. पण चौथ्या दिवशी पोरगा म्हणाला, "मामा, अडखळतंय."

आम्ही चष्मा लावून पाहिले. आकडा चौऱ्याहत्तर होता. चौऱ्याहत्तर हे चाळिसाच्या जवळजवळ दुप्पट होतात, हे आम्ही त्यास समजावून सांगितले. तो म्हणाला, "आकडा बघू नकोस मामा, चित्र बघ. गाडी वळली की बघ." आम्ही आकडाच पाहत राहिलो. कार्ड ज्या दुकानातून घेतले तेथील गृहस्थांनीही आकडा पाहिला व कार्ड उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. एका बाजूस दोन वडीलधारी माणसे व एक आकडा, दुसऱ्या बाजूस एकोणीस वर्षांच्या मुलाचे दोन डोळे. भास होत असेल, असा निकाल आम्ही दिला. तो चुकीचा होता. आणि हीच चूक आमच्याआधी पुष्कळ जाणत्यांनी केलेली आहे, हे पुढे वाचन करताना कळून आले.

या कथेचा आमच्याकडील आरंभ पनवेलीपासून फार दूर नसलेल्या कल्याणात होतो. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली तेथे 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे माया, इंद्रजाल. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर मोठी करावयाची आणि ती अशा चपळाईने बदलावयाची की पात्र हालले असा भास व्हावा. जोडीस निवेदन व संगीत. या खेळात माया टिकणे वा भंगणे हे काच सरकविणाऱ्या हातावर अवलंबून असले पाहिजे, हे सांगावयास नको. हात अडला की पाहणाऱ्यास पुराणातील पात्र दिसेनासे होऊन काच दिसू लागणार.

पुढे चारच वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या यंत्राचा खेळ झाला. प्रवेशमूल्य एक रुपया. येथे काचेची जागा फितीने घेतली होती. फीत सरकते, क्षणभर थांबते, तेवढ्यात चित्र पडद्यावर उमटते. मग मधली झडप उजेड अडविते व त्या अंधारात फीत पुढे जाते. या सगळ्यास चालना देणारा हात मात्र अजून माणसाचाच होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी असेच यंत्र मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले, तेही हाताने दांडा फिरवूनच.

या दांड्याचे गणित मनोरंजक आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यांत सामान्यतः दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे घेतली जात. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे. सोळा! त्रितालाच्या मात्रा तितक्याच. योगायोग आहे, पण आमच्या विषयास सोयीचा आहे. लय सुटू नये म्हणून पाश्चात्य चित्रग्राहक मनातल्या मनात एखादी चाल गुणगुणत हात फिरवीत असे सांगतात. सोळा चित्रांनी हालचाल भासे, पण उजेड लुकलुके. त्यावर प्रक्षेपण यंत्राच्या झडपेस तीन पाती बसविण्याची युक्ती निघाली. प्रत्येक चित्र तीनदा चमके, म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस चमका होत, आणि लुकलुक पुष्कळ मावळे. चित्रांची संख्या न वाढविता डोळा शांत करण्याचा हा पहिला मोठा उपाय होय.

आमच्या लहानपणीची पाठ्यपुस्तके सांगत की, डोळ्यावर उमटलेली प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून चित्र चालताना दिसते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्टहायमर यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखविले की, दोन स्थिर आकृती योग्य अंतराने एकीमागून एक दाखविल्या तर मन त्यांच्यामध्ये गती पाहते. अंतर फार लहान केले तर दोन्ही एकदमच दिसतात, फार वाढविले तर दोन निरनिराळ्या दिसतात. म्हणजे गतीचा भास हा कालांतरावर उभा आहे. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. आमच्या भाच्याचा सगळा दावा त्यात आहे.

त्याच १९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. भांडवल मिळविण्यासाठी त्यांनी पहिली फीत केली ती वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची. ठराविक कालाने थोडी थोडी चित्रे घेत जावयाची आणि मग ती सलग दाखवावयाची. कित्येक दिवसांची वाढ मिनिटा-दीड मिनिटात डोळ्यांपुढून जाते. काळ आवळणे वा सैल करणे हे सर्वस्वी दांड्याच्या हाती आहे, हे आपल्याकडे त्यांच्याइतके लवकर फार थोड्यांनी ओळखले असेल. पूर्वी 'प्रोफेसर केळफा' हे उलटे केलेले नाव घेऊन ते जादूचे प्रयोग करीत, त्याचाही हा वारसा असावा. चित्रपटाच्या ध्यासापायी अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली होती हेही प्रसिद्ध आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. कॅमेऱ्याचा दांडा फिरविला होता फाळक्यांचे स्नेही त्र्यंबक तेलंग यांनी. या चित्रपटाची लांबी ३,७०० फूट दिली जाते, आणि अवधी पुष्कळ ठिकाणी चाळीस मिनिटे दिलेला असतो. आम्ही एके दिवशी कागदावर आकडेमोड केली. फुटास सोळा चित्रे, म्हणजे एकंदर ५९,२०० चित्रे. सेकंदाला सोळा या गतीने ती दाखविली तर जवळजवळ बासष्ट मिनिटे लागतात. चोवीस या गतीने दाखविली तर एक्केचाळीस. म्हणजे चाळीस मिनिटांचा हिशेब बोलपटाच्या गतीने केलेला दिसतो. फीत तीच, चित्रे तितकीच, आणि हरिश्चंद्राच्या सत्त्वपरीक्षेत वीस मिनिटांचा फरक! मूकपटांच्या काळी प्रक्षेपण करणाऱ्याचा हातही असाच सैल असे. रात्रीचा शेवटचा खेळ लवकर आटोपावयाचा असला की दांडा झपाझप फिरे व पडद्यावरची माणसे तुरुतुरु धावू लागत. असे जगभर घडे.

ही मनमानी डोळ्याने थांबविली नाही, कानाने थांबविली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलमआरा' प्रकट झाला; पुढील वर्षी प्रभातने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला. बोलपटात आवाज फितीबरोबर बांधलेला असतो. फीत जलद गेली की सूर चढतो, मंद गेली की उतरतो. मध्येच डगमगली तर गाणे किनरे होते. चित्रातील डगमग प्रेक्षक एक वेळ सोसत, तारामतीचा सूर हाललेला कोणी सोसले नसते. म्हणून दांडा माणसाच्या हातून काढून विजेच्या मोटरीकडे देणे भाग पडले आणि सेकंदाला चोवीस चित्रे हे मान जगभर रूढ झाले. झडपेस आता दोन पाती पुरली. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस चमका पूर्वीइतक्याच राहिल्या. चोवीस हा आकडा काही मोठा नव्हे. तथापि पुढील अनेक पिढ्यांनी त्या चोविसांत कोठेही अडखळ पाहिली नाही, कारण प्रत्येक चित्रास वाटून दिलेला काळ सारखा होता.

दूरचित्रवाणीचा भाग थोडक्यात सांगतो. आपल्याकडे विजेचे स्पंदन सेकंदाला पन्नास, म्हणून चित्रे पंचवीस. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हाही मान हेच होते. चोवीसचा चित्रपट तेथे दाखवावयाचा तर तो किंचित जलद चालवीत, म्हणजे शंभर मिनिटांचा शहाण्णव मिनिटांत आटपे. कोणास कळत नसे. अमेरिकेत स्पंदन साठ. तेथे चोवीस चित्रे साठ स्पंदनांत बसविण्यासाठी एक चित्र दोन स्पंदने, पुढचे तीन, पुन्हा दोन, असा क्रम लावावा लागला. एकूण बेरीज चोख. परंतु कॅमेरा संथपणे एका बाजूस वळू लागला की तीक्ष्ण डोळ्यास चित्र लंगडताना दिसे. बेरीज बरोबर असूनही चाल बिघडते, याचा हा धडा समोर होता. संगणकाच्या लोकांनी तो वेळीच घेतला असता तर बरे होते.

संगणकावरील खेळाची गोष्ट मुळातच निराळी आहे. चित्रपटाची चित्रे आधीच तयार असतात. येथे ती खेळणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीसरशी जागच्या जागी काढावी लागतात. काढणारा कारागीर म्हणजे ग्राफिक्स कार्ड. समोर मोकळे आकाश असेल तर चित्र पटकन होते. गर्दीचा चौक, पाऊस आणि त्यात दिव्यांची प्रतिबिंबे असतील तर वेळ लागतो. उलट पडदा मात्र आपल्या ठरल्या वेळेस चित्र मागतो. साधारण पडदा सेकंदाला साठ वेळा, म्हणजे दर १६.७ सहस्रांश सेकंदास. चित्र सतराव्या सहस्रांशाला तयार झाले तरी ती वेळ हुकली. मग पनवेल स्थानकावर लोकल अर्ध्या मिनिटाने चुकलेल्या माणसाप्रमाणे त्यास पुढच्या गाडीची वाट पाहणे आले, आणि जुनेच चित्र ३३.३ सहस्रांश डोळ्यांपुढे राहते. वाट न पाहता धावती गाडी पकडावी, तर पडद्याच्या वरच्या भागात जुने चित्र व खालच्या भागात नवे, अशी फाटाफूट दिसते. दोन्ही दुखणी जुनी आहेत.

अशा कारागिराची परीक्षा कशी घेत? तर एक खेळ लावून काही वेळात झालेली चित्रे मोजीत आणि सेकंदांनी भागीत. जो भागाकार येई ती कार्डाची योग्यता. जाहिरातीत तो आकडा, परीक्षणात तो आकडा, दुकानदाराच्या तोंडीही तोच. आता एक सेकंद घेऊ. त्यात पन्नास चित्रे प्रत्येकी दहा सहस्रांशात झाली आणि दहा चित्रांस प्रत्येकी पन्नास सहस्रांश लागले. एकूण साठ चित्रे, एकूण एक सेकंद. आकडा साठ, निर्दोष. पण त्या सेकंदाचा अर्धा भाग लोण्यासारखा गेला आणि अर्ध्या भागात दहा ठेचा लागल्या. एखाद्या तबलजीने त्रितालाच्या सोळा मात्रा ठरल्या वेळात पुऱ्या केल्या, पण बारा घाईने उरकून चार ताणल्या, तर सरासरी लय बरोबर आहे असे म्हणून त्यास बिदागी देणारा श्रोता आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

या आकड्याच्या मोहाने एक विलक्षण प्रकार घडविला. एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीने २००४ साली, आणि पुढील वर्षी तिची प्रतिस्पर्धी एटीआय हिने, एकाच संगणकात दोन कार्डे जोडण्याची सोय काढली. एक चित्र पहिल्या कार्डाने काढावे, पुढचे दुसऱ्याने, अशी पाळी. आकडे भराभर चढले. पण दोघांच्या पाळ्यांत समान अंतर राखण्याची हमी कोणी घेतली नव्हती. एक चित्र आले की पाच सहस्रांशात दुसरे, मग अठ्ठावीस सहस्रांश शांतता, पुन्हा दोन चित्रे जवळजवळ, असे होई. यंत्र मोजे साठ. डोळ्यास प्रत्ययास येत तीस. ज्यांनी दुप्पट पैसे मोजले होते तेच तक्रार करू लागले, आणि त्यांना उत्तर मिळे, आकडा पाहा. आमच्या घरातील संवादाशी याचे साम्य पाहून आम्हांस थोडी लाजच वाटली.

ही कोंडी फोडली एका परीक्षकाने. 'द टेक रिपोर्ट' या परीक्षणपत्राचे स्कॉट वॉसन यांनी सप्टेंबर २०११ मध्ये एक दीर्घ लेख लिहून असे मांडले की, सेकंद हे मापच फार मोठे आहे. त्याच्या आत शिरून प्रत्येक चित्रास लागलेला वेळ वेगळा पाहिला पाहिजे. शंभरातील नव्व्याण्णव चित्रे किती वेळाच्या आत झाली, अशी पृच्छा त्यांनी सुरू केली. सरासरीत जे एखाद-दुसरे आळशी चित्र लपून बसे ते या प्रश्नाने उघडे पडले. पुढे २०१३ साली एन्व्हिडियाने एक साधन पुढे आणले. प्रत्येक चित्राच्या कडेस ठराविक क्रमाने निरनिराळ्या रंगाची पट्टी लावावयाची आणि पडद्याकडे जाणारा सर्व प्रवाह दुसऱ्या यंत्रावर टिपून घ्यावयाचा. पट्ट्यांची उंची मोजली की कोणते चित्र किती काळ दिसले ते कळते. काही चित्रे तर पडद्यावर चार-दोन ओळींपुरतीच उमटून जात आणि तरीही हिशेबात पूर्ण चित्र म्हणून धरली जात. प्रतिस्पर्ध्याचे दोष दाखविण्यात या कंपनीचा स्वार्थ होता हे उघड आहे. पण मोजमाप खरे होते. एटीआय तोवर एएमडीमध्ये विलीन झाली होती. एएमडीने त्याच वर्षी ऑगस्टात दोन कार्डांच्या पाळ्यांत अंतर राखणारी सुधारणा प्रसिद्ध केली. म्हणजे तक्रार करणाऱ्यांस भास होत नव्हता. दोन कार्डे जोडण्याची ती चाल पुढे हळूहळू मागे पडली.

त्याच २०१३ च्या ऑक्टोबरात दुसरा एक विचार पुढे आला, आणि आमच्या मते या इतिहासात मोटरीनंतर इतका मूलगामी विचार झाला नाही. आजवर कारागिराने पडद्याची वेळ पाळावयाची असे. आता पडद्यानेच कारागिरासाठी थांबावे. चित्र तयार होईल तेव्हा पडदा ते घेईल. एन्व्हिडियाने यास जी-सिंक म्हटले. एएमडीचे फ्रीसिंक खुल्या प्रमाणावर उभे राहिले व तसे पडदे २०१५ पासून बाजारात आले. चुकलेल्या लोकलची आमची उपमा येथे लागू पडत नाही. प्रवासी आला की गाडी सुटते. मात्र एखादे चित्र मुळातच फार उशिरा आले तर या सोयीचाही इलाज चालत नाही.

आमच्या भाच्याचे दुखणे याच जातीचे निघाले. हे सर्व वाचून झाल्यावर एका रविवारी आम्ही त्यास म्हटले, "चल, आता चित्र बघतो." त्याने प्रत्येक चित्राचा वेळ आलेखाच्या रूपाने दाखविणारी सोय चालू केली. सरळ रस्त्यावर रेघ सपाट होती. मोटार नव्या गल्लीत वळली की रेघेत एकदम सुळका येई, आणि त्याच क्षणी चित्र ठेच लागल्यासारखे थांबे. आता ते आम्हांसही दिसले. कोपऱ्यातील आकडा मात्र एकाहत्तरच्या खाली उतरला नाही. कार्डाचा दोष नव्हताच. खेळ साठविला होता तो जुन्या संगणकातून काढून बसविलेल्या हार्ड डिस्कवर. नवी गल्ली आली की तेथील घरे, झाडे, पाट्या त्या फिरत्या तबकडीवरून आणावयास वेळ लागे आणि कार्ड हात चोळीत बसे. तबकडीऐवजी एसएसडी घेतली, खेळ तिच्यावर हलविला, आणि सुळके जवळजवळ नाहीसे झाले. कोपऱ्यातील आकड्यात किती फरक पडला म्हणाल, तर तीनाचा. पोराने आम्हांस काही ऐकविले नाही. आम्हीच एसएसडीचे पैसे दिले.

या क्षेत्रातील ताजी घडामोड अशी की, कार्ड आता काढलेल्या दोन चित्रांच्या मधले चित्र अनुमानाने स्वतःच भरते. एन्व्हिडियाने ही युक्ती २०२२ साली बाजारात आणली. डोळ्यास ते पुष्कळदा सुखावते हे आम्ही पाहिले आहे. पण मधले चित्र बनविण्यासाठी पुढचे चित्र थोडे रोखून धरावे लागते, त्यामुळे हाताच्या हुकमास पडदा काहीशा उशिराने उत्तर देतो. आकडा पुन्हा दुप्पट झाला आहे, दुकानदार पुन्हा तोच सांगू लागले आहेत. भाचा म्हणतो, "हातालाच कळतं, मामा." या वेळी आम्ही वाद घातला नाही.

परवा त्याच्याच पडद्यावर आम्ही त्यास 'राजा हरिश्चंद्र'चा उपलब्ध भाग दाखविला. समग्र चित्रपट आज नाही. पहिली व शेवटची रिळे तेवढी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झाली आहेत. आरंभी राजा पुत्रास धनुर्विद्या शिकवीत आहे असे दृश्य आहे. आमच्यापुढील प्रतीत सगळी मंडळी अंमळ घाईत होती. राजाचा हात धनुष्याकडे झटक्यात जाई. आम्ही फाळक्यांची थोरवी सांगण्याच्या बेतात होतो, तोच पोरगा म्हणाला, "मामा, हे जास्त जोरात चाललंय," आणि आम्ही काही म्हणण्याच्या आत त्याने गती पाऊण केली. चोविसाचे पाऊण म्हणजे अठरा. तेलंगांच्या दांड्याच्या बऱ्याच जवळ. राजाने सावकाश धनुष्य उचलले, मुलाच्या हातावर हात ठेवला व बाण कसा धरावा ते दाखविले. आम्ही दोघांनी ते रीळ त्या गतीने शेवटपर्यंत पाहिले.